नागपुरातली प्रॉडक्ट कंपनी: मोठ्या गिऱ्हाइकाची प्रत्येक मागणी रोडमॅपवर घ्यायची का?

संत्रासाल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मिहानमधल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट होते. यंदा नोकरी बदलली आणि आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून लागले. आमचं सॉफ्टवेअर घाऊक किराणा व्यापाऱ्यांसाठी आहे. बिलिंग, स्टॉक, उधारी-वसुली, जीएसटीची रिटर्न्स. गिऱ्हाइकं मुख्यतः इतवारी आणि कळमना या नागपूरच्या घाऊक बाजारांतली, थोडी अमरावती-अकोल्याकडची. कंपनीत माणसं मोजकी, सगळी एकाच हॉलमध्ये बसतात.

आमचं एक मोठं गिऱ्हाईक आहे. एकाच घराण्याच्या तीन फर्म. वर्षाच्या वसुलीतला जवळजवळ तिसरा हिस्सा तिथून येतो. त्यांना आता दलालीचं मॉड्यूल (दलालांचा हिशेब ठेवणारा भाग) हवंय, पैसे द्यायची तयारी आहे. आमचे मालक 'हो' म्हणून मोकळे झालेत. (वर्षानुवर्षं विक्री त्यांनी स्वतःच केली, समोरच्याला नकार द्यायची सवयच नाही.) डेव्हलपर मंडळी म्हणतात, यांच्यासाठी आधीच एक वेगळी आवृत्ती सांभाळतोय, त्यात आणखी भर नको.

रोडमॅप (पुढे काय, कोणत्या क्रमाने बनवायचं याची यादी) म्हणून माझ्या हाती एक एक्सेल शीट आली. दोनशेवर मागण्या आणि प्राधान्याच्या रकान्यात खालपर्यंत 'अर्जंट'.

जुन्या नोकरीत हा प्रश्नच यायचा नाही. क्लायंट सांगेल ते लिहून घ्या, तासांचे पैसे लावा, पुढे चला. इथे निकष कोणता लावू? मागण्यांचा क्रम लावायच्या 'रायस' पद्धतीने गुण देऊन बघितले. रीच (किती जणांना लागेल), इम्पॅक्ट (किती फरक पडेल), कॉन्फिडन्स (अंदाजाची खात्री) यांचा गुणाकार आणि त्याला एफर्टने (लागणाऱ्या मेहनतीने) भागायचं. पण आत टाकायचे आकडे मीच अंदाजाने लिहिणार असेन, तर उत्तरही माझ्याच मनातलं येणार ना?

अनुभवी लोकांनी सांगावं. पुस्तकी चालेल, पण इतवारीत टिकेल असं.

---

बे_एके_बे

खुर्ची टाकून बसलो आहे. तोवर एवढंच: तिसरा हिस्सा देणाऱ्याला नकार द्या असं सांगणाऱ्यांचा पगार बहुधा त्या गिऱ्हाइकाकडून येत नसतो.

---

इतवारीकर

ताई, मी किराणा ओळीतला. तुमच्या त्या गिऱ्हाइकाचाच धंदा, फक्त लहान. आधी आमचं ऐका, मग बंगलोरवाल्यांचं.

तुमाले वाटते गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस. आमच्या दुकानात ते तीन आहेत. पैसे मी देतो. चालवते आमचा मुनीम. अन् कोणतं घ्यायचं ते ठरवते सीए, काऊन का त्याले वर्षअखेरीस सगळा डेटा टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, पाहिजे. तुमच्या शीटमधल्या दोनशे मागण्या यातल्या कोणाच्या हायेत, ते लिहिलं आहे का कुठं? माझा अंदाज सांगतो, सगळ्या शेठ लोकांच्या असतील. तुमचा विक्रीवाला मुनीमाशी बोलतच नाही.

आमचा मुनीम माउसले हात लावत नाही. एफ८ म्हणजे विक्री, एफ९ खरेदी, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट. टॅलीच्या या कळा त्याच्या बोटात बसल्या आहेत. मागं एक पोरगा लय सुंदर सॉफ्टवेअर घेऊन आला होता, रंगीत ग्राफ, मोबाइलवर सगळं. मुनीमानं एफ८ दाबलं तं भलतंच उघडलं. संध्याकाळी मले म्हणे, 'हे नाही जमत.' संपला विषय. त्यात अजून काय काय होतं ते मी पाहिलं पण नाही.

---

संत्रासाल

@इतवारीकर, शीटमध्ये 'मागणी कोणाची' असा रकाना आहे, पण तिथे फर्मचं नाव लिहिलंय, माणूस नाही. तुमचा अंदाज बरोबर असावा.

---

शून्य_मैल

बंगळुरात बरीच वर्षं हेच काम केलं, आता त्रिमूर्ती नगरातून घरबसल्या करतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

प्रॉडक्ट मॅनेजरची भूमिका सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. १९३१ मध्ये पी अँड जी या अमेरिकी कंपनीतल्या नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने तीन पानी टिपण लिहिलं. कॅमे साबणाची जाहिरात त्याच्याकडे होती आणि कंपनीचाच आयव्हरी साबण त्याला झाकून टाकत होता. त्याचं म्हणणं, एका ब्रँडची सगळी जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसं नेमा. (हाच गृहस्थ पुढे आयझेनहॉवरच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाला.) त्या माणसाने करायची कामं टिपणात दिली आहेत, त्यांचा गाभा असा: माल कुठे खपतो ते आकड्यांत बघ, खपतो तिथे कशामुळे खपतो ते शोध, आणि खपत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदाराशी आणि गिऱ्हाइकाशी बोल. संत्रासाल, तुमच्या रायसमधल्या रीचचा आकडा असाच मिळतो. टेबलावर बसून मिळत नाही.

आता डावपेचाचं. शीट बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकांच्या यादीवर दोन रेघा मारा.

पहिली रेघ उलाढालीची, पाच कोटींवर. ई-इनव्हॉइस (बिलाची सरकारी पोर्टलवर नोंदणी) ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्यांना लागू झालं. जानेवारी २०२१ ला १०० कोटी, एप्रिल २०२१ ला ५०, एप्रिल २०२२ ला २०, ऑक्टोबर २०२२ ला १० आणि ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. ज्याने पहिल्या दोन पायऱ्या नीट पाहिल्या त्याला पुढच्या कामांचा क्रम सरकारनेच लावून दिला होता. आज पाच कोटींच्या वरच्याला सॉफ्टवेअर हवंच, कारण आयआरएन (पोर्टलवरून मिळणारा बिलाचा क्रमांक) आणि क्यूआर कोड असल्याशिवाय त्याचं बिल बिल ठरत नाही. खालच्यावर ती सक्ती नाही, तो सोय म्हणून घेतो आणि सोयीचे पैसे देताना दहादा विचार करतो.

दुसरी रेघ: कंपनी आहे की प्रोप्रायटर-भागीदारी. कंपनी कायद्याखालच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल लागतो. नोंद कोणी, कधी, काय बदलली याचा माग, आणि तो बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरला हे बंधन नाही. उलट त्याला कालचं बिल उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे, नाहीतर तो चिडतो. एकाच पडद्यावर दोघांना खूश करायला गेलात तर दोघंही नाराज होतात.

असे चार कप्पे पडले. तुमच्या वसुलीतला कोणता पैसा कोणत्या कप्प्यातून येतो ते लिहा, आणि पुढची दोन वर्षं कोणत्या कप्प्यात घालवायची ते मालकांकडून ठरवून घ्या. मागण्यांमधल्या निम्म्या तिथेच गळतील. दलाली कोणत्या कप्प्यात पडते ते मग बघू.

आणि टॅलीचा विषय निघालाच आहे म्हणून. १९८६ पासूनची कंपनी. 'प्रत्येकाला थोडं वेगळं पाहिजे' हे दुखणं त्यांनी तुमच्या कितीतरी पट सोसलं असेल. त्यांनी गाभा एकच ठेवला आणि बाहेरून जोडण्यासाठी टीडीएल नावाची भाषा दिली. गावोगावचे पार्टनर त्यात गिऱ्हाइकाला हवं ते लिहून देतात, टीसीपी फाइल बनवतात, ती टॅलीत जोडली की झालं. पैसे पार्टनर कमावतो. टॅलीची नवी आवृत्ती सगळ्यांना एकच जाते.

---

बे_एके_बे

शेवटच्या परिच्छेदाशी सपशेल असहमत.

टॅलीने हे केलं तेव्हा बाजारात तिचं नाव होतं, म्हणून पार्टनर आले. संत्रासाल यांच्या कंपनीकडे हॉलभर माणसं आहेत. त्यांनी आधी स्वतःची भाषा, मग पार्टनर, मग त्यांचं प्रशिक्षण असं करत बसायचं, म्हणजे पोरगी पाहायला जायच्या आधी मंगल कार्यालय बुक करण्यासारखं आहे. सुरुवातीची गिऱ्हाइकं हातानेच सांभाळावी लागतात. वेगळी आवृत्ती, वेगळं बिल, गरज पडली तर त्यांच्या गोडाऊनमध्ये जाऊन कट्टेही (पोती) मोजा.

कप्प्यांचं मात्र पटलं. नाइलाजाने.

---

व्हीएनआयटी_तिसरं_वर्ष

अवांतर होईल, पण प्रॉडक्ट मॅनेजर व्हायला एमबीए लागतं का? आणि त्यासाठी बंगळूरला जावंच लागतं का?

---

शून्य_मैल

@व्हीएनआयटी, एमबीए नाही लागत. सपोर्टमध्ये किंवा टेस्टिंगमध्ये एखादं वर्ष काढा, ते जास्त उपयोगी पडेल. गावाचं म्हणाल तर झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्येच तमिळनाडूतल्या तेनकाशीला ऑफिस काढलं, आणि ते नागपूरहून कितीतरी लहान आहे.

---

बे_एके_बे

झोहोच्या पाठीशी तेव्हा चेन्नईचं मुख्य ऑफिस होतं, हेही सांगा पोराला.

---

फोन_उचलणारा

अशाच एका कंपनीत सपोर्टला आहे. (ही ती कंपनी नाही, काळजी नसावी.) वर सपोर्टचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी आम्हाला कोणी विचारत नाही.

मागण्यांची शीट विक्रीवाले भरतात. आमच्याकडे येणाऱ्या फोनची वेगळी नोंद असते आणि ती कोणी उघडून बघत नाही. तिच्यात काय असतं? प्रिंटर. अर्ध्या पानाच्या छापील कागदावर डॉट मॅट्रिक्सचं बिल दोन ओळी खाली सरकलं. थर्मलवर 'श्री' तुटला. राउटर बंद पडला आणि आयआरएन निघेना, बाहेर गाडी भरून उभी. यातलं एकही विक्रीच्या शीटमध्ये नसतं, कारण विकताना प्रिंटरबद्दल कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअर सोडताना मात्र लोक हेच कारण सांगतात.

आता वेगळ्या आवृत्तीबद्दल. बे_एके_बे यांनी हे जरूर वाचावं.

२०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने नवे दर जाहीर केले, लागू २२ सप्टेंबरपासून. घटस्थापनेचा सोमवार. हातात तीन आठवडेही नव्हते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास सगळ्या मालावरून गेले. किराण्याच्या दुकानात याचा अर्थ काय? तूप, लोणी, नमकीन, बदाम-पिस्ते १२ वरून ५. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून थेट ५. रविवारी रात्रीपर्यंत जुना दर, सोमवारी सकाळी पहिल्या बिलापासून नवा. आणि जुन्या दराने गेलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने.

आमच्या मुख्य आवृत्तीत प्रत्येक दरापुढे 'लागू तारीख' आहे. नव्या ओळी भरल्या, तपासल्या, पाठवल्या. सणाच्या दिवशी फोन आले, पण नेहमीपेक्षा थोडेच जास्त.

वेगळ्या आवृत्त्या ज्यांना दिल्या होत्या त्यांची गोष्ट निराळी. एकाच्या स्कीमच्या हिशेबात कोणीतरी १२ हा आकडा थेट कोडमध्ये लिहून ठेवला होता. ज्याने लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेलेला. दुसऱ्याची आवृत्ती इतकी जुनी की नव्या ओळी तिच्यात बसेनात. प्रत्येकासाठी वेगळं शोधा, वेगळं तपासा. शेवटी सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याचं बिलिंग सगळ्यात उशिरा सुरू झालं. नवरात्राच्या पहिल्या दिवशी घाऊक किराण्याचं दुकान अर्धा दिवस हाताने बिलं फाडतंय, विचार करा. त्यांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

वेगळ्या आवृत्तीचं बिल ती बनवता तेव्हा येत नाही, नियम बदलतो त्या दिवशी येतं. आणि आपल्याकडे नियम काय थांबतात होय?

---

इतवारीकर

हाव. आमचं बी त्या दिवशी तसंच झालं होतं. सॉफ्टवेअर कोणतं ते सांगत नाही.

---

कॉस्टिंगवाला_काका

फोन_उचलणारा यांनी जे सांगितलं ते आकड्यांत मांडतो. आकडे समजायला घेतले आहेत, संत्रासाल यांनी स्वतःचे घालावेत.

समजा मॉड्यूल बनवायचे चार लाख घेतले. वर्षाची एएमसी (देखभालीचं शुल्क) १८ टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. मालक खूश. आता धरा, वर्षात दोनदा कायद्यात असा बदल झाला की त्या वेगळ्या आवृत्तीसाठी एक डेव्हलपर आणि एक टेस्टर आठवडाभर बसले. पगार, जागा, वीज धरून एका खेपेला ४० हजार पकडा. दोन खेपांचे ८०,०००. एएमसी तिथेच संपली, वर आठ हजार खिशातून. आणि ती दोघं तिथे बसली म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांचं जे काम राहिलं ते कोणत्याही बिलात दिसत नाही.

हेच मॉड्यूल मुख्य आवृत्तीत असेल तर त्या ८०,००० चा मोठा भाग सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे मालकांपुढे 'हे करू नका' असं म्हणू नका. दोन दर ठेवा. मुख्य आवृत्तीत सर्वांसाठी येणार असेल तर हा दर, फक्त तुमच्यासाठी वेगळं हवं असेल तर हा. दुसऱ्या दरात प्रत्येक कायदाबदलाचा खर्च वेगळा लावायचा आणि करारात लिहायचा. मालकाला नकार ऐकवत नाही, दोन किमती मात्र लगेच समजतात. चाळीस वर्षं हेच बघतोय.

आणखी एक. तिसरा हिस्सा एकाच घराण्याकडे असणं ही दलालीपेक्षा मोठी बाब आहे. त्यांची उधारी किती दिवसांची आहे?

---

संत्रासाल

सगळ्यांचे आभार. काका, उधारीचं उत्तर जाहीर देता येणार नाही, पण प्रश्न वर्मी लागला.

थोडी जास्त माहिती देते. परवा त्यांच्या गादीवर जाऊन आले. इतवारीकरांचं ऐकून शेठजींना भेटायच्या आधी मुनीमजींजवळ बसले. त्यांच्याकडे दलालीची वेगळी लाल वही आहे, सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच नाही. सौदा झाला की दलालाचं नाव, माल, कट्टे, भाव. माल उतरला की खाली दुसरी ओळ. हिशेब दिवाळीला.

मागणीचे तीन भाग आहेत:

पहिला, ही वही सॉफ्टवेअरमध्ये आणणं. दुसरा, तिन्ही फर्ममधली एकाच दलालाची देणी-घेणी आपसात वळती करणं, आणि रक्कम द्यायच्या आधी थोरल्या शेठजींच्या मोबाइलवर मंजुरी मागणं. तिसरा भाग मला काल कळला: ही सोय इतवारीत दुसऱ्या कोणाला निदान वर्षभर द्यायची नाही.

मालकांचं आणखी एक चाललंय. लहान व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर फुकट वाटू, संख्या वाढवू, मग पैसे लावू, म्हणजे एका गिऱ्हाइकावर भार राहणार नाही. यूपीआयवाल्यांनी असंच केलं म्हणतात.

---

इतवारीकर

ताई, लाल वही आमच्याकडं बी आहे. बाजूच्याकडं आहे. कळमन्यात मिरचीवाल्यांकडं तं दोन-दोन आहेत. म्हणजे पहिली मागणी त्यांची एकट्याची नाहीच, पूर्ण बाजाराची आहे. आम्ही मागितली नाही, काऊन का सॉफ्टवेअरमध्ये हे होऊ शकते असं कोणाले वाटलंच नाही.

पण सोपं समजू नका. कोणाची दलाली कट्ट्यामागं, कोणाची क्विंटलमागं, कोणाची टक्क्यात. कुठं घेणारा देते, कुठं विकणारा, कुठं दोघं बी. शंभर कट्ट्यांचा सौदा झाला अन् ब्याण्णवच उतरले, तं दलाली कशावर? आमच्याकडं उतरल्या मालावर. समोरच्याकडं सौद्यावर. सौदा तुटला तं अर्धी द्यायची का नाही, यावर दर दिवाळीले भांडण. हे जर सॉफ्टवेअरनं आधीच लिहून ठेवलं अन् दलालाले सौद्याच्याच दिवशी व्हाट्सअ‍ॅपवर चिठ्ठी गेली, तं मी पैसे देईन. खरंच देईन.

अन् ते वर्षभर दुसऱ्याले देऊ नका म्हणजे काय? मी आज तुमचं सॉफ्टवेअर घेतलं तं मले दलाली नाही? मग कायले घेऊ?

---

शून्य_मैल

इतवारीकरांनी काम निम्मं करून दिलं.

पहिला भाग सर्वांचा आहे, तो गाभ्यात. दुकानागणिक वेगळं आहे ते गणित: कशामागे, कोणाकडून, सौद्यावर की उतरल्या मालावर. ते कोडमध्ये लिहू नका, नियमांचा तक्ता करा आणि मुनीमाला भरू द्या. प्रत्येक नियमाला लागू तारीख ठेवाच, फोन_उचलणारा यांच्या दरांसारखी. बे_एके_बे, बघा, ना नवी भाषा लागली ना पार्टनर. एक तक्ता पुरला.

दुसऱ्या भागातली मंजुरी बऱ्याच जणांना आवडेल, पण आत्ता नको. तीन फर्मची वळती मात्र फक्त त्यांची आहे. तिला काकांचा दुसरा दर लावा. माझा अंदाज, किंमत ऐकून ती मागणी गळेल.

फुकट वाटण्याबद्दल: यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून कापायचं शुल्क) शून्य आहे. तिथल्या मोठ्या अ‍ॅपवाल्यांनी हे स्वतः निवडलेलं नाही, सरकारने ठरवलं. ते पैसे इतर वाटांनी काढतात. साउंडबॉक्सचं भाडं, कर्ज मिळवून देणं, विमा, रिचार्ज. आणि तोपर्यंतचा तोटा गुंतवणूकदार भरतात. तुमच्याकडे यातली कोणती वाट आहे? शिवाय फुकट खातेवही देणारी अ‍ॅप्स बाजारात केव्हाची आहेत. फुकट घेणाराही प्रिंटर अडला की फोन करतोच, आणि फोन उचलणारा पगार घेतो.

---

फोन_उचलणारा

घेतो. फार नाही.

---

बे_एके_बे

तक्त्याचं मान्य.

एकाधिकाराचं मात्र थेट धुडकावू नका. त्या शेठजींना दलालीतून पैसा कमवायचा नाही, त्यांना आठ-दहा महिने शेजाऱ्याच्या पुढे राहायचंय. हे विकता येतं. एक दिवाळी त्यांची, त्यानंतर सगळ्यांची. लेखी, तारखेसह, पूर्ण रक्कम आगाऊ. तसंही पहिल्या दिवाळीत तुमचं मॉड्यूल शंभर ठिकाणी अडणार आहे. ते एकाच गादीवर अडलेलं बरं.

---

शून्य_मैल

लेखी असेल तरी नको. वर्षभर इतवारीतल्या प्रत्येक डेमोत 'दलाली आहे का?' या प्रश्नावर गप्प बसावं लागेल, आणि बातमी फुटायला आठवडा पुरेल. त्यांना पहिलं गिऱ्हाईक म्हणून लवकर द्या, दर तीन वर्षं गोठवून द्या, आराखड्यात त्यांच्या मुनीमाचं म्हणणं आधी घ्या. एकाधिकार नको.

---

कॉस्टिंगवाला_काका

दोघांचंही हिशेबात बसतं, फक्त आकडा लिहा. वर्षभरात इतवारीत नवी किती गिऱ्हाइकं अपेक्षित आहेत, त्यांपैकी किती दलालीमुळे येतील? तेवढी रक्कम आगाऊ मिळत असेल तर बे_एके_बे बरोबर. नसेल तर शून्य_मैल. मला वाटतं शेठजी तेवढी देणार नाहीत.

---

संत्रासाल

सोमवारच्या बैठकीसाठी असं लिहिलंय: दलालीची वही गाभ्यात, नियमांचा तक्ता, दोन दर, वळतीचं काम वेगळ्या कराराने. एकाधिकाराची किंमत काकांच्या पद्धतीने काढून मालकांपुढे ठेवणार, निर्णय त्यांनी घ्यावा. त्याआधी चार कप्प्यांचा कागद. शेठजींची जुनी वेगळी आवृत्ती मुख्य आवृत्तीत आणणं हीसुद्धा सौद्याची अट असेल. ती डेव्हलपरांनी घातली आणि त्यावर ते अडून बसलेत.

तक्ता पक्का करायच्या आधी आणखी दहा-बारा वह्या बघायच्या आहेत. इतवारीकर, ओळखी करून द्याल?

---

इतवारीकर

देतो ना. व्यनि (खासगी निरोप) करा. सकाळी येऊ नका, गाड्या उतरत असतात, कोणी बोलणार नाही. चारनंतर या. अन् वहीचा फोटो मागू नका बाप्पा, दलालाचे भाव असतात त्यात. वहीजवळ बसा अन् रकाने लिहून घ्या.

---

कॉस्टिंगवाला_काका

तक्त्यात टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) धरलाय का? दलालीवर आयकर कायद्याचं कलम १९४एच लागायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ वरून २ टक्के झाला, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाची मर्यादा १५,००० वरून २०,००० झाली. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे क्रमांकच वेगळे. आदल्या वर्षी एक कोटीच्या वर उलाढाल असलेल्या प्रोप्रायटरलाही कापावा लागतो, म्हणजे तुमचं बहुतेक गिऱ्हाईक यात आलं. दिवाळीला एकरकमी हिशेब करतात तेव्हा मर्यादा हमखास ओलांडते आणि कापायचं राहून जातं.

---

संत्रासाल

हे लाल वहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या यादीतही नव्हतं. मर्यादा दलालामागे फर्मनिहाय मोजायची ना? तिन्ही फर्मचे पॅन वेगळे आहेत.

---

कॉस्टिंगवाला_काका

फर्मनिहाय. म्हणूनच शेठजींची ती वळती दिसते तितकी सोपी नाही. देणी आपसात वळती केली तरी प्रत्येक फर्मला स्वतःचा टीडीएस पूर्ण रकमेवर कापून भरावा लागेल. दुसरा दर सांगायच्या आधी त्यांच्या सीएला हे विचारून घ्या.